आत टीव्ही चालू आहे

नाटक कौटुंबिक आहे ना, एवढंच मी फोनवर विचारलं होतं. नाटक कंपनीचा माणूस म्हणाला, "हो साहेब, संपूर्ण कौटुंबिक. एक घर, एक टेबल, घरातलीच माणसं." मला तेवढं पुरलं.

सुरतेत आमच्या मराठी मंडळाचं वर्षातून एक नाटक होतं. यंदा ते ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या वेळी विनोदी म्हणून आणलेल्या नाटकात नवरा-बायको पलंगावर बसून जे काही बोलले, त्यावरून अध्यक्षांना बरेच दिवस लोकांची बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून आमच्याकडे 'कौटुंबिक' या शब्दाला फार भाव आला आहे. कौटुंबिक म्हणजे लेकीसुनांना घेऊन बसता येईल असं, शेवटी जरा डोळे पुसायला लावणारं, आणि घरी येऊन खिचडी टाकेपर्यंत विसरता येणारं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला खरं तर कळायला हवं होतं की कुटुंबाइतका धोक्याचा विषय दुसरा नाही. पण मी तिकडे नाटक बघायला चाललोच नव्हतो. मी होणाऱ्या व्याह्यांना नाटक दाखवायला चाललो होतो.

माझ्या मुलीचं एका गुजराती मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा चांगला, दोघं एकाच ऑफिसात. मुलाच्या वडिलांचं मार्केटमध्ये साड्यांचं दुकान, गिऱ्हाइकांमुळे घरात सगळ्यांना मराठी समजतं. गोळधाणा करून पक्कं करायचं, म्हणजे आपला साखरपुडाच, एवढं बाकी होतं. आणि मला वाटत होतं की त्याआधी या मंडळींना एकदा दिसावं की आमच्याकडेही काही आहे. साड्या नाहीत, दुकान नाही, पण नाटक आहे. सुरतेतला कुठलाही मराठी माणूस कधीतरी हे वाक्य बोलतोच. मीही बोललो होतो, आणि बोललो म्हणून पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखून ठेवल्या होत्या.

आता अडचण सांगतो. त्या खुर्च्यांपैकी एक माझ्या आईची होती, आणि व्याही मंडळींच्या समजुतीप्रमाणे माझी आई ठार बहिरी होती.

ती बहिरी नाही. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी तिला ऐकू येते.

झालं होतं असं. काही महिन्यांपूर्वी ती मंडळी पहिल्यांदा आमच्या पाल भागातल्या फ्लॅटवर आली. आई माझ्याकडेच असते. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील पॉवरलूमवर कामाला होते, आणि माझं लहानपण लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत गेलं. घरात अहिराणी. आई अजूनही तेच बोलते, त्यात पन्नासेक वर्षांची गुजराती मिसळून. मी तिला घरात माय म्हणतो. मंडळात आई म्हणतो. गुजराती माणसांसमोर बा म्हणतो. हे मी कधी ठरवून केलं नाही, पण कधी चुकलोही नाही.

त्या दिवशी मी मायला आधीच सांगून ठेवलं होतं, जरा कमी बोल. तिनं मान हलवली. मंडळी आली, माय म्हणाली, "या, बठा." इथवर ठीक होतं. मग होणाऱ्या विहीणबाई तिच्या शेजारी बसल्या आणि मायनं सरळ त्यांचा पदर हातात घेतला, उलटा केला, आणि मागची बाजू बघायला लागली.

मला तिथेच घाम फुटला. कारण ती बाजू ती का बघते ते मला माहीत होतं. मायनं आमच्या लहानपणी मार्केटमधून आणलेल्या साड्यांना घरी बसून खडे चिकटवले आहेत. साडीवर खडे लावले की गोंद मागच्या बाजूला किती उतरलाय ते ती आजही बघते, लग्नात, दवाखान्यात, देवळात, कुणाच्याही अंगावर. आता ती तोंड उघडणार, विचारणार की हे काम कुठून करून घेता, मग लिंबायत निघणार, खोली निघणार, साड्यांचे गठ्ठे निघणार. आणि समोर बसलेला माणूस मार्केटमध्ये साड्याच विकतो. तिनं श्वास घेतला आणि मी बोलून गेलो, "बाने संभळातुं नथी." बाला ऐकू येत नाही.

आता हे किती बिनडोक होतं बघा. ऐकू न येणारा माणूस बोलू तर शकतो. माझ्या हे लक्षात आलं नाही. मायच्या आलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर हळूच सोडला आणि तोंड मिटलं. त्यानंतर ती मंडळी जेव्हा जेव्हा आली तेव्हा माय त्यांच्यासमोर बहिरी होती, आणि मुकीच म्हणायला हवी. विहीणबाई मनानं फार चांगल्या. त्या तिच्याशी खुणांनी बोलायच्या, तिचा हात हातात घेऊन बसायच्या. एकदा तर गॅलरीत दोघीच बराच वेळ होत्या आणि विहीणबाई तिला काहीतरी सांगत होत्या, जसं माणूस मूर्तीसमोर सांगतं. माय समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत ऐकत होती.

मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

माय आतून म्हणाली, "त्याले सांगू दे. खोटं त्यानीच सांगेल शे."

मी म्हणालो, गोळधाण्याच्या आधी सांगतो. मुलगी म्हणाली, "आणि नाही सांगितलंत तर आजी गोळधाण्यातही बहिरीच बसणार?"

मी म्हणालो, बघू. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच होतं. एक दिवस निघून गेला की झालं. मग लग्न. मग काय, कुणाला कुठे आठवतंय.

नाटकाच्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही सगळे सभागृहात पोचलो. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, पण त्याचे आई-वडील वेळेवर आले होते. बसायची व्यवस्था मी विचार करून केली होती: बायको आणि मुलगी एका टोकाला, मग माय, मग मी, मग व्याही, आणि विहीणबाई अगदी पलीकडच्या टोकाला, म्हणजे मायपासून लांब. विहीणबाईंनी आल्या आल्या ती मोडली. "बाला कुणी समजावून नको का सांगायला?" म्हणत त्या मायच्या शेजारी जाऊन बसल्या.

पडदा उघडायच्या आधी सत्कार. आमच्या मंडळात सत्काराशिवाय पडदा हलत नाही. देणगीदारांचा सत्कार, माजी अध्यक्षांचा सत्कार, ज्यांनी शाली पुरवल्या त्यांचा शाल देऊन सत्कार. आत नट मेकअप करून ताटकळले होते. अध्यक्ष कोकणातले, निवृत्त बँक अधिकारी, त्यांची भाषा इतकी शुद्ध की त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे 'ळ' आपोआप सरळ होतात. ते म्हणाले, "आजचे नाटक अत्यंत कौटुंबिक असून..." व्याही माझ्याकडे वाकून म्हणाले, "वेवाई, कॉमेडी ने?" मी म्हणालो, थोडी असेल.

मग एकदाचं नाटक सुरू झालं.

रंगमंचावर खरंच एक घर होतं, एक टेबल होतं. बाप, आई, मुलगी, आणि थोड्या वेळानं येणारे पाहुणे. डाव्या बाजूला एक बंद दार. दारामागे बापाची आई, म्हातारी. ती शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता आवाज. कुठल्याशा खेड्याची बोली, आमची नाही, पण खेड्याचीच. ती आतून पाणी मागते, कोण आलंय विचारते, नातीला हाक मारते. बाप घरात सगळ्यांचे उच्चार सुधारत फिरतो. मुलीला बघायला पाहुणे येतात. तेवढ्यात आतून म्हातारी जोरात काहीतरी बोलते. पाहुणा विचारतो, "आत कोण बोलतंय?"

बाप म्हणतो, "आत टीव्ही चालू आहे."

सभागृह खदखदून हसलं. व्याही तर माझ्या मांडीवर थाप मारून हसले. "आवी गई कॉमेडी," म्हणाले. मी समोर बघत राहिलो. माझ्या डावीकडे बघायची हिंमत नव्हती. तिथे विहीणबाई मायला हातवारे करून समजावत होत्या. आधी वाकून काठी टेकल्यासारखं केलं, म्हणजे म्हातारी. मग दार लावल्यासारखं. मग दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला, म्हणजे टीव्ही. माय गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होती. समजलं, समजलं. अशा वेळी जमीन वगैरे दुभंगत नाही. खुर्ची कुरकुरते, एवढंच.

पण खरा प्रकार पुढे होता. आतल्या म्हातारीनं ते ऐकलेलं असतं. पुढच्या प्रवेशात पाहुणे पुन्हा येतात, आतून आवाज येतो, आणि या वेळी म्हातारी बातम्या देत असते. लेकाची लाज राखायला ती टीव्ही झालेली असते. "आज राज्यात पाऊस पडंल," आपल्या त्याच बोलीत, पण बातम्या देणाऱ्या बाईचा आव आणून. तिला जेवढं आठवतं तेवढं ती सांगते. पावसाच्या बातम्यांत विहिरीचं पाणी येतं, बाजारभावात तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव येतं. लोक पहिल्या वाक्याला हसले. तिसऱ्या-चौथ्याला कमी हसले. मग कुणी हसेना. टेबलावर बाप पाहुण्यांना चहा ओतत होता आणि म्हणत होता, "हल्ली बातम्यांचा दर्जाच घसरलाय."

मध्यंतर झालं. मी उठलोच नाही. व्याही वडा घेऊन आले, मला अर्धा दिला. "नाटक भारी छे," म्हणाले, म्हणजे जड आहे, "पण वडो सारो छे." मुलगी माझ्या समोरून गेली, थांबली, म्हणाली, "पप्पा, छान निवडलंत हं नाटक." आणि गेली. तिला वाटत होतं मी मुद्दाम निवडलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मला काहीही माहीत नव्हतं, मला फक्त कौटुंबिक एवढंच सांगितलं होतं. चिडायचं तरी कुणावर. कंपनीचा माणूस खोटं बोलला नव्हता.

माय खुर्चीतच होती. विहीणबाई प्रसाधनगृहाकडे गेल्या तेव्हा मी तिच्याकडे वाकलो. "माय, घरी जायचं का? डोकं दुखतंय सांगतो."

तिनं माझ्याकडे न बघता, ओठ जेमतेम हलवत विचारलं, "कोनं डोकं?"

"माझं."

"मंग तू जाय. माले बघनं शे." मग म्हणाली, "ती म्हातारी हुशार शे."

दुसऱ्या अंकाबद्दल मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. पाहुणे जेवायला बसतात, बोलणी रंगात येतात, आतून टीव्ही चालूच असतो. आणि मग एका वाक्याच्या मध्येच तो थांबतो. रंगमंचावर कुणाच्या लक्षात येत नाही. ते बोलत राहतात, हॉल कुठला, मेनू काय, पत्रिका कुठल्या भाषेत. प्रेक्षकांच्या मात्र लक्षात आलेलं असतं. इतकं माणसांनी भरलेलं सभागृह त्या बंद दाराकडे बघत होतं आणि टेबलाभोवतीची माणसं वाढा, घ्या, संकोच नको करत होती. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अहो, बघा ना कुणीतरी आत." ती नाटकाला उद्देशून बोलत होती. शेवटी पाहुणे जातात. बाप दमून खुर्चीत बसतो. मग उठतो, दारापाशी जातो, उघडत नाही. दाराला कान लावतो आणि विचारतो, "आवाज वाढवू का?"

अंधार.

विहीणबाई पदर तोंडावर धरून रडत होत्या. व्याही चष्मा पुसत होते. आणि मला स्टेजवर जायचं होतं. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं.

मी गेलो. पायऱ्यांवर अडखळलो. बापाचं काम केलेला नट घामानं निथळत उभा होता, त्याच्याशेजारी जीन्स घातलेली एक तरुण मुलगी. म्हातारीचा आवाज तिचा होता. माईकसमोर उभं राहिल्यावर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी दरवर्षी ऐकतो तेच. कलावंतांचे आभार, सभागृहाच्या व्यवस्थापकांचे आभार, अल्पोपाहारासाठी झटलेल्या भगिनींचे आभार. अतिशय जिव्हाळ्याचं कौटुंबिक नाटक. ध्वनिव्यवस्थेचे विशेष आभार, शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन्‌शब्द ऐकू आला. हे म्हणताना माझी नजर पहिल्या रांगेत गेली. सगळे टाळ्या वाजवत होते. माय वाजवत नव्हती. ती बहिऱ्या माणसासारखी माझ्या ओठांकडे एकटक बघत होती. त्या कामात ती आता इतकी तयार झाली होती की क्षणभर मलाच वाटलं, हिला खरंच ऐकू येत नाही की काय.

मी त्या क्षणी स्टेजवर काही कबूल केलं असतं तर ही गोष्ट चांगली झाली असती. मी नाही केलं. मी चहावाल्यांचे आभार मानले आणि खाली उतरलो.

बाहेर गाड्यांपाशी सगळे थांबले होते. व्याही त्यांच्या मोठ्या गाडीनं आम्हाला घरी सोडणार होते. विहीणबाईंचे डोळे अजून लाल होते. मला बघताच त्या म्हणाल्या, "वेवाई, मी ठरवलंय. बाला कानाचं मशीन लावायचं. एवढं सुंदर नाटक आणि बिचारीला एक शब्द ऐकू आला नाही. मला इतकं वाईट वाटलं. माझा मामेभाऊ कानाचा डॉक्टर आहे. आत्ताच मेसेज टाकला. या आठवड्यात दाखवून घेऊ, गोळधाण्याच्या आधी. आपल्या नातीच्या गोळधाण्यात बाला सगळं ऐकू यायला पाहिजे."

मी म्हणालो, "नको, नको, तिला मशीन आवडत नाही."

"आता फार छोटी येतात. दिसतही नाहीत."

"तिचं वयही झालंय."

"वय झालं म्हणून तर," विहीणबाई म्हणाल्या.

"तिला तशी सवय झालीये."

"त्या नाटकातला बाप असंच बोलत होता, वेवाई," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या. त्यांच्या मनात काहीही नव्हतं.

माझी बायको दुसऱ्या कुणाच्या तरी स्कूटरकडे लक्षपूर्वक बघत होती. मुलगी म्हणाली, "हो पप्पा, दाखवूनच घेऊ. डॉक्टरांनाही बघू दे." आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी ती काहीतरी करेल. एक शब्द बोलेल, हसेल, नाहीतर मला चारचौघांत शिव्या घालेल. काहीही चाललं असतं, फक्त मला बोलावं लागलं नसतं. माय शांतपणे उभी होती, पिशवी दोन्ही हातांत धरून, कुणीतरी आपल्याला गाडीत बसवेल याची वाट बघणाऱ्या म्हातारीसारखी. डॉक्टरकडे नेलं असतं तर तिथेही ती अशीच बसली असती. कानात यंत्रं वाजली असती आणि ती ढिम्म बसली असती, याची मला खात्री आहे.

मी म्हणालो, "बाने संभळाय छे." बाला ऐकू येतं.

विहीणबाई म्हणाल्या, "थोडं थोडं?"

"ना. बधुं." सगळं. "पहेलेथी."

व्याही हसायला लागले. त्यांना वाटलं ही मघाचीच कॉमेडी चालू आहे. मग माझा चेहरा बघून थांबले.

तेवढ्यात मायनं कानामागे हात धरला. "काय म्हनी ऱ्हायना, भाऊ? मोठा आवाजमा बोल."

नाटक बघून बाहेर पडलेले मंडळाचे लोक आजूबाजूला होते, अध्यक्ष त्यांच्या गाडीचं दार उघडत होते. माय कानामागचा हात काढेना. म्हणून मी मोठ्यानं बोललो. आधी गुजरातीत, मग मराठीत, मग अहिराणीत, कारण पहिल्या दोन वेळेला ती मान हलवून नाही समजलं असं करत होती. "तुले ऐकू येस, माय. मीच खोटं बोलनू." अध्यक्षांनी वळून बघितलं. इतकी वर्षं या माणसासमोर मी अहिराणीचा एक शब्द काढला नव्हता.

"आते ऐकू उनं," माय म्हणाली आणि हात खाली घेतला.

विहीणबाईंचा चेहरा बदलला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आतापर्यंत मायसमोर काय काय बोललो ते त्या मनात मोजत असणार. आमचं घर लहान आहे असं त्या एकदा नवऱ्याला मायच्या डोक्यावरून म्हणाल्या होत्या, ते मीही ऐकलं होतं. पण त्यांच्या मनात ते नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "बा, त्या दिवशी गॅलरीत मी जे..."

मायनं त्यांचा हात धरला. "माले काही याद नही, बहीन," म्हणाली.

गॅलरीत काय बोलणं झालं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर माय म्हणते, टाकी भरत होती.

व्याह्यांना अजून प्रश्न होता. ते व्यापारी माणूस, त्यांना व्यवहार समजल्याशिवाय चैन पडत नाही. "पण वेवाई, तुम्ही असं सांगितलं का?"

मी सांगितलं. साड्या, खडे, लिंबायत, पदराची मागची बाजू. बोलायला लागलो तर थांबताच येईना, आणि माझा आवाज मलाच केविलवाणा वाटायला लागला. मला वाटत होतं आता हे काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील, नाहीतर ठरलेलं मोडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी मायला विचारलं, "कई पेढी?" कुठल्या दुकानासाठी?

मायनं नाव सांगितलं. व्याह्यांनी नाक मुरडलं. "त्यांचे खडे दोन धुण्यात पडायचे."

"मन्हा हातना खडा कधी पडना नही," माय म्हणाली. ती खरंच रागावली होती. इतक्या महिन्यांनी त्या माणसाशी ती पहिलं धड वाक्य बोलली आणि ते भांडणाचं होतं. व्याही म्हणाले, सगळ्या कारागीर बायका असंच म्हणतात. माय म्हणाली, गोंद तुमी पातळ द्या आनी नाव आमनं खराब करा. गाडीत बसेपर्यंत ते दोघं गोंदावर बोलत होते. माझं ज्या गोष्टीवरून इतके महिने रक्त आटलं होतं, तिचा त्यांनी धंदा करून टाकला.

विहीणबाई मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या मागच्या सीटवर मायला खेटून बसल्या आणि घर येईपर्यंत माझ्या मानेकडे बघत राहिल्या असाव्यात. उतरताना एवढंच म्हणाल्या, "वेवाई, मी तिला चौकोन काढून दाखवत होते. टीव्ही म्हणून." त्यांना किती लाज वाटली असेल ते मला तेव्हा कळलं. मायची लाज मी इतके दिवस धरली होती, आता माझ्यामुळे त्यांनाही धरावी लागली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी नका मागू." मायची मागायला गेलो तर माय म्हणाली, आधी चहा ठेव.

गोळधाणा आमच्याच घरी झाला, त्या लहान घरात. हॉलमध्ये बायका, गॅलरीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये पुरुष. मायनं नवी साडी नेसायला नकार दिला आणि जुनी, स्वतः खडे लावलेली नेसली. गूळ-धणे वाटून झाल्यावर ती बसली ती बोलायलाच. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. अहिराणी, गुजराती, मध्येच हिंदी, जे हाताला लागेल ते. मी लहानपणी साडीचे खडे चोरून गोंदानं स्वतःच्या कपाळाला आणि गालांना चिकटवले आणि तसाच शाळेत गेलो, मास्तरांनी चिमट्यानं काढले, ही गोष्ट तिनं सांगितली. मी ती आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. हॉलमध्ये हशा पिकला. विहीणबाईंचा हसण्याचा आवाज सगळ्यांत वर होता.

मी पॅसेजमध्ये पाहुण्यांना सरबत देत होतो. मुलाचे एक दूरचे काका, पहिल्यांदाच आलेले, दाराकडे मान वळवून म्हणाले, "अंदर कोण बोले छे?"

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नाटक आठवलं होतं हे उघड होतं. माझी मुलगी ट्रे घेऊन दारातच उभी होती, तिनंही बघितलं.

"मारी माय छे," मी म्हणालो. बा नाही, आई नाही. बरोबर बोललो. सगळं नीट झालं होतं. काकांनी छान म्हणून मानही हलवली होती. आणि तरी मला गप्प बसवेना.

"जरा मोठ्यानं बोलते," मी म्हणालो.

मुलीनं ट्रे माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. हॉलमधून पुन्हा हसू आलं. ते शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती, ते मला अजून कळलेलं नाही.